कलम वाचण्याआधी तारखा वाचा

प्रश्न असा आला आहे: शांततेत निदर्शनं करणाऱ्या एखाद्या मानवी हक्क कार्यकर्त्याला तुरुंगात टाकलं की घरचे म्हणतात, आंदोलन केलं म्हणून टाकलं. सरकार म्हणतं, आंदोलनाचा काही संबंध नाही, गुन्हा वेगळाच आहे. त्रयस्थ माणसाने यातलं खरं काय ते कसं ओळखायचं? आणि पत्रं, निवेदनं, संयुक्त राष्ट्रांकडच्या तक्रारी यांनी काही होतं का, की ते नुसतं आपल्या मनाचं समाधान?

अशा प्रकरणांची कागदपत्रं जमवणं, घरच्यांना आणि वकिलांना ती लावून देणं, तक्रारींचे मसुदे करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर: लावलेल्या कलमावरून हे कळत नाही, तारखांवरून कळतं. माणूस कधी बोलला, कधी उचलला, अटक कागदावर कधी आली, जामिनाचा दिवस जवळ आल्यावर काय झालं, शिक्षा संपत आल्यावर काय झालं. हे सगळं एका कागदावर ओळीने मांडलं की बहुतेक प्रकरणं स्वतःच बोलायला लागतात.

कलमावर विसंबून चालत नाही, कारण ‘शांततेत निदर्शनं केली’ असं आरोपपत्रात कोणी लिहीत नाही. बेलारूसचे आलेस बियालियात्स्की यांचं उदाहरण घ्या. निदर्शनांमुळे तुरुंगात गेलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करण्यासाठी त्यांनी १९९६ मध्ये ‘व्यास्ना’ ही संस्था उभी केली. २००३ मध्ये सरकारने तिची नोंदणी रद्द केली. नोंदणी नाही म्हणजे संस्थेच्या नावाने बँक खातं नाही, म्हणून मदतीचे पैसे परदेशात त्यांच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यांत ठेवावे लागले. २०११ मध्ये तेच पैसे त्यांचं उत्पन्न ठरवून त्यांना करचुकवेगिरीसाठी साडेचार वर्षांची शिक्षा झाली. नुसतं कलम वाचलं तर हा कर बुडवणारा माणूस. आधी नोंदणी रद्द, मग खातं अशक्य, मग त्या खात्यावरून खटला, हा क्रम वाचला तर चित्र उलटं होतं. २०२१ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली, २०२२ मध्ये कोठडीत असतानाच नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला, आणि मार्च २०२३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. या वेळी आरोप होता रोकड तस्करीचा आणि सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवणाऱ्या कृत्यांना पैसा पुरवल्याचा.

आता तारखांकडे येते, कारण सगळा खेळ तिथे आहे.

आपल्याकडचं इरोम शर्मिला यांचं प्रकरण मी नवीन मुलांना नेहमी वाचायला लावते. नोव्हेंबर २००० मध्ये मणिपूरमधल्या मालोम इथे बसथांब्यावर आसाम रायफल्सच्या गोळीबारात दहा नागरिक मारले गेले. सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा, म्हणजे अफ्स्पा, मागे घ्यावा म्हणून त्यांनी उपोषण सुरू केलं. काही दिवसांत त्यांना अटक झाली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९, आत्महत्येचा प्रयत्न. या कलमाखाली जास्तीत जास्त शिक्षा एक वर्ष होती. म्हणजे त्या फार तर २००१ च्या अखेरीस बाहेर यायला हव्या होत्या. झालं असं की वर्ष भरत आलं की त्यांना सोडायचं, आणि उपोषण चालूच आहे म्हणून एक-दोन दिवसांत पुन्हा त्याच कलमाखाली धरायचं. इंफाळच्या सरकारी रुग्णालयातली एक खोली हाच त्यांचा तुरुंग झाला. नाकातल्या नळीवाटे जबरदस्तीने अन्न दिलं जायचं. ऑगस्ट २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा आरोप टिकत नाही म्हणून सोडायला सांगितलं. दोन दिवसांत पुन्हा अटक. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच उपोषण सोडलं तोवर जवळपास सोळा वर्षं झाली होती. एक वर्षाचं कलम आणि सोळा वर्षांची कोठडी. यातला एकेक आदेश सुटा घेतला तर कायद्याला धरूनच दिसतो. सगळे एका ओळीत ठेवल्याशिवाय अन्याय दिसतच नाही.

इजिप्तमधले ब्लॉगर आणि लोकशाहीवादी कार्यकर्ते अला अब्देल फत्ताह यांच्या बाबतीत तर दिवस मोजायची पद्धतच बदलली. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे निदर्शनांवर निर्बंध आणणारा नवा कायदा आला. तो येऊन दोन दिवस होतात न होतात तोच कैरोत नागरिकांवरच्या लष्करी खटल्यांविरुद्ध निदर्शनं झाली, आणि त्या प्रकरणात त्यांना पाच वर्षं झाली. मार्च २०१९ मध्ये ते सुटले ते अर्धेच, कारण पुढची पाच वर्षं रोज संध्याकाळी सहा ते सकाळी सहा पोलीस ठाण्यात काढायची अट होती. सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पुन्हा अटक. दोन वर्षांहून अधिक काळ खटल्याविना कोठडी. डिसेंबर २०२१ मध्ये ‘खोट्या बातम्या पसरवल्या’ म्हणून पाच वर्षं. मुळात काय, तर समाजमाध्यमावरची एक पोस्ट पुढे पाठवली. अटकेपासून धरलं तर ही शिक्षा सप्टेंबर २०२४ मध्ये संपत होती. सरकारने मोजणी शिक्षा कायम झाल्याच्या तारखेपासून धरली. खटल्याआधी काढलेली दोन वर्षं हिशेबातून गायब, सुटका थेट जानेवारी २०२७. त्यांची आई लैला सुएफ गणिताच्या प्राध्यापक. सुटकेची तारीख उलटली आणि त्यांनी उपोषण सुरू केलं. मे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाने ही कोठडी बेकायदा ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या माफीने ते सुटले.

तिसरी तऱ्हा तुर्कस्तानातले उद्योजक आणि नागरी हक्क कार्यकर्ते ओस्मान कवाला यांच्या प्रकरणात दिसते. २०१३ च्या गेझी पार्कमधल्या निदर्शनांसाठी त्यांना २०१७ मध्ये धरलं. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की या कोठडीमागचा खरा हेतू त्यांना गप्प करण्याचा आहे, लगेच सोडा. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने निर्दोष सोडलं, आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या प्रकरणात ताब्यात घेतलं. २०२२ मध्ये जन्मठेप.

तीन देश, तीन वेगळे कायदे. तक्ता मांडला की एकच गोष्ट दिसते: सुटकेचा दिवस जवळ आला की काहीतरी नवं उगवतं. खऱ्या गुन्ह्याच्या तपासात असं सहसा होत नाही. तिथे पुरावा मिळाला की कलम वाढतं. इथे मुदत संपली की कलम वाढतं. मला विचाराल तर त्रयस्थ माणसासाठी ही सगळ्यांत भरवशाची कसोटी आहे.

काही वेळा खटलाच टाळला जातो. १९२२ मध्ये गांधीजींवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांचं कोर्टातलं निवेदन देशभर पोचलं. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात त्यांना गुजरातमधल्या कराडीहून पकडलं तेव्हा इंग्रजांनी मुंबई इलाख्याचा १८२७ सालचा एक जुना नियम काढला. त्याखाली खटल्याविना डांबून ठेवता येत होतं. येरवड्यात त्यांना तसंच ठेवलं. खटला नाही म्हणजे निवेदन नाही, पुरावा नाही, अपीलही नाही. आजच्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यांची नाळ तिथपर्यंत जाते.

आता ‘शांततापूर्ण’ या शब्दावर. सरकारी वकिलांचा पहिला मुद्दा ठरलेला असतो: परवानगी नव्हती, रस्ता अडला, कुणीतरी दगड मारला, म्हणून आंदोलन शांततापूर्ण नव्हतं. हे तिन्ही मुद्दे वेगवेगळे आहेत आणि वेगळेच ठेवायला हवेत. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुच्छेद २१ मध्ये शांततेत एकत्र येण्याचा हक्क आहे. भारत या करारात १९७९ पासून आहे. या अनुच्छेदाचा अर्थ, या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० मध्ये आपल्या ३७ व्या सर्वसाधारण टिप्पणीत उलगडून सांगितला. धक्काबुक्की किंवा वाहतुकीचा खोळंबा म्हणजे हिंसा नव्हे. आधी सूचना दिली नाही एवढ्यावरून सहभागी होणं गुन्हा ठरत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गर्दीतल्या काहींनी हिंसा केली म्हणून बाकीच्यांचा हक्क जात नाही. प्रत्येकाचं वागणं त्याचं त्याचं तपासायचं.

आरोपपत्र हातात आलं की म्हणूनच मी एकच गोष्ट शोधते: या माणसाने स्वतः, स्वतःच्या हाताने वा तोंडाने, नेमकं काय केलं असं यात लिहिलंय? शेकडो पानांत जमावाचं वर्णन असतं, कट असतो, पार्श्वभूमी असते, फोनचे तपशील असतात. त्या एका माणसाचं कृत्य कधीकधी दोन ओळींचं निघतं: सभेत बोलला, गटात संदेश टाकला. त्या दोन ओळी अधोरेखित करून वेगळ्या कागदावर काढाव्यात. पुढचा सगळा युक्तिवाद त्यांच्याभोवती उभा राहतो. त्या ओळींत खरोखर मारहाण किंवा जाळपोळ असेल, तर तेही प्रामाणिकपणे मानलं पाहिजे. मग तो माणूस कितीही मोठा कार्यकर्ता असो, मुद्दा न्याय्य खटल्याचा राहतो, शांततापूर्ण आंदोलनाचा राहत नाही. ही सरमिसळ केली की आपल्या बाकीच्या प्रकरणांवरचा विश्वासही जातो.

परवानगीच्या मुद्द्यावर अमेरिकेतली एक जोडी सांगण्यासारखी आहे. एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये मिरवणुकीला परवाना नव्हता, वर न्यायालयाचा मनाई हुकूम होता, तरी मार्टिन ल्यूथर किंग आणि सहकाऱ्यांनी मोर्चा काढला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची अवमानाची शिक्षा कायम केली. हुकूम चुकीचा वाटला तरी आधी कोर्टात जायला हवं होतं, असं म्हटलं. किंग त्या वर्षी ती काही दिवसांची शिक्षा भोगायला परत गेले. १९६९ मध्ये त्याच मोर्चाच्या दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने परवान्याचा तो नियमच घटनाबाह्य ठरवला. मोर्चा तोच आणि रस्ताही तोच. तुरुंगवास आधी, न्याय सहा वर्षांनी. आपल्याकडे जमावबंदीच्या आदेशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात बजावलं आहे की हे आदेश न्याय्य मतप्रदर्शन दाबायला वापरता येत नाहीत आणि एकामागून एक काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. आदेशाविरुद्ध त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवून ठेवा म्हणते ते यासाठीच. पुढे ती कामाला येते.

रस्ता अडवण्याचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. इंग्लंडमध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर वाहतूक रोखण्याच्या कटासाठी जुलै २०२४ मध्ये हवामान बदलावरचे आंदोलक रॉजर हॅलम यांना पाच आणि बाकी चौघांना प्रत्येकी चार वर्षं झाली. ऑनलाइन बैठकीतलं त्यांचं बोलणं हा त्यातला मोठा पुरावा होता. मार्च २०२५ मध्ये अपिलात शिक्षा कमी झाल्या, हॅलम यांची चार वर्षांवर आली. हजारो लोकांचा खोळंबा झाला की राज्याने काहीच करू नये असं आंतरराष्ट्रीय कायदा म्हणत नाही. दंड करावा, बाजूला करावं. पण अहिंसक कृतीसाठी वर्षानुवर्षांची कैद प्रमाणाबाहेर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे जुन्या लोकशाहीत घडतं तेव्हा इतर सरकारं त्याचा दाखला देतात, हे नुकसान वेगळंच.

पहिल्या दिवशी काय करायचं यावर थोडं. माणूस ताब्यात गेला की घरातल्या एकाने वही घ्यावी आणि वेळा लिहायला बसावं. दुपारी साडेतीनला घरून नेलं, कोण होते, गाडीचा नंबर काय, कागद दाखवला का, फोन नेला तर पंचनामा केला का, वकिलाला पहिला फोन किती वाजता लागला. नंतर अटकेच्या पंचनाम्याची प्रत मिळते तेव्हा तिच्यावर बऱ्याचदा रात्रीची वेळ असते. दुपार आणि रात्र यांच्यामधले ते तास कागदावर अस्तित्वातच नसतात. त्याच तासांत वकिलाविना चौकशी होते, फोनचा पासवर्ड घेतला जातो, कोऱ्या कागदावर सह्या होतात. भारतात चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं बंधन घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. ते चोवीस तास कुठून सुरू झाले हे त्या वहीवरून ठरतं.

हे किरकोळ वाटत असेल तर प्रबीर पुरकायस्थ यांचं प्रकरण पाहा. ते पत्रकार. ऑक्टोबर २०२३ मध्ये यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक झाली, आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, त्यांच्या वकिलाला न कळवता, न्यायाधीशांपुढे नेऊन कोठडी घेतली गेली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणं लेखी दिली नव्हती. आदेश किती वाजता झाला, वकिलाला निरोप किती वाजता गेला, यावर कोर्टात बारीक चर्चा झाली. दहशतवादविरोधी कायद्यातही माणूस बाहेर आला तो घड्याळाच्या आधाराने.

जामिनाबाबतही तसंच. यूएपीएत आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते आणि कलम ४३ड(५) मुळे जामीन फार कठीण. पण के. ए. नजीब प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल आणि कैद लांबली असेल, तर घटनात्मक न्यायालयं, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय, जामीन देऊ शकतात. म्हणून कच्च्या कैद्याच्या प्रत्येक तारखेला काय झालं ते लिहून ठेवा. साक्षीदार आला नाही, सरकारी वकील गैरहजर, गाडी मिळाली नाही म्हणून आरोपीला आणलंच नाही. उशीर कोणामुळे झाला, हा प्रश्न जामिनाच्या वेळी येतोच.

आता दुसरा प्रश्न, बाहेरच्या दबावाचा. खोटी आशा दाखवणार नाही. कवाला यांच्या बाजूने बंधनकारक निकाल होता, तुर्कस्तानने तो पाळला नाही, म्हणून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्यांदा ठपका ठेवला, आणि तरी दार उघडलं नाही. बहरीनचे अब्दुलहादी अल-ख्वाजा २०११ पासून जन्मठेपेत आहेत. चीनचे लिऊ शिआओबो यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते अकरा वर्षांची शिक्षा भोगत होते, आणि २०१७ मध्ये कैदेतच गेले.

तरीही मी तक्रारी लिहीत राहते, आणि ते सवयीने नाही. मनमानी अटकेविषयीचा कार्यगट १९९१ पासून आहे, पाच स्वतंत्र तज्ज्ञांचा. त्याच्याकडे जायला देशातले सगळे उपाय आधी संपवावे लागत नाहीत, वकील असलाच पाहिजे असंही नाही, आणि देशाने करारावर सही केली नसली तरी प्रकरण चालतं. सरकारला उत्तरासाठी साठ दिवस मिळतात. सरकारचं लेखी उत्तर आलं की त्याला आपलं म्हणणं कागदावर मांडावं लागतं, आणि त्यातल्या विसंगती पुढे देशातल्या न्यायालयात दाखवता येतात. शिवाय माफी किंवा कैद्यांची देवघेव होते तेव्हा कोणाची नावं यादीत असतात? ज्यांची नावं सतत कोणीतरी घेत राहिलेलं असतं त्यांची. अला माफीने सुटले, बियालियात्स्की डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेशी झालेल्या वाटाघाटींतून. दोघांनाही आपापल्या देशातल्या न्यायालयांनी सोडलेलं नाही. याची दुसरी बाजू मला छळते: ज्याचं नाव परदेशात कोणाला माहीत नाही, असा तालुक्याच्या गावचा कार्यकर्ता त्या यादीत कधीच नसतो. म्हणून लिहिताना मोठ्या नावाबरोबर त्याच प्रकरणातल्या इतर आरोपींची नावंही लिहावीत. त्यासाठी त्यांच्या घरच्यांची संमती आधी घ्यावी.

पत्रात ‘तात्काळ बिनशर्त सुटका’ एवढीच मागणी असेल तर ते पत्र फाइलला लागतं. सोबत आज, या आठवड्यात पूर्ण करता येईल अशी एक मागणी हवी. तुरुंगातल्या वागणुकीचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये नव्याने मंजूर केले, ते नेल्सन मंडेला नियम म्हणून ओळखले जातात. त्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त एकांतवास निषिद्ध आहे, बाहेर मिळेल त्याच दर्जाचे उपचार आत मिळायला हवेत असं आहे, वकिलाशी खाजगीत बोलण्याची सोय आहे. फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. पार्किन्सनमुळे हात थरथरत, पेला धरता येत नसे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात असतानाच, कच्चा कैदी म्हणून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मसुद्यात तब्येतीचा परिच्छेद सगळ्यांत वर असतो: कोणता आजार, कोणतं औषध, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, पुढची कधी. अशा पत्राला तुरुंग अधीक्षकाला उत्तर द्यावं लागतं.

घरच्यांना एक विनंती असते. मुलाखतीच्या, म्हणजे तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी आत काय बोललात ते सगळं समाजमाध्यमांवर टाकू नका. आतल्या माणसाला त्याचा त्रास होतो आणि पुढची मुलाखत रद्द होऊ शकते. आधी वकिलाला सांगा, मग दोघांनी मिळून ठरवा.

आणि सुटकेनंतर वही बंद करू नका. सौदी अरेबियाच्या महिला हक्क कार्यकर्त्या लुजैन अल-हथलूल फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटल्या, पण शिक्षेचा काही भाग स्थगित ठेवलेला होता आणि देशाबाहेर जायला बंदी होती. कुठे पासपोर्ट जमा असतो, कुठे दर आठवड्याला ठाण्यात हजेरी असते, कुठे जिल्हा सोडायला परवानगी लागते, कुठे प्रसारमाध्यमांशी बोलायचं नाही अशी अट असते. हजेरीला गेलात की वेळ लिहा, पोच घ्या, ती मिळत नसेल तर त्याच दिवशी वकिलाला संदेश पाठवून ठेवा. जामीन रद्द करायचा अर्ज येतो तेव्हा पहिला आरोप ‘अट मोडली’ हाच असतो, आणि त्याचं उत्तर त्या पोचेतच असतं.